ओव्हरले मास्क लावून स्टुडिओत फ्रेम कशी बसवायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी स्टेप बाय स्टेप

माझं पहिलं मोठं काम होतं चपलांच्या कॅटलॉगचं. कोल्हापुरात पापाची तिकटीच्या बाजूचं एक दुकान, १४० जोड, दोन दिवस शूट. कॅमेऱ्यात सगळं मस्त दिसत होतं, लाईट छान, चामड्याचा रंग बरोबर, मी खुश. मग फोटो द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की वेबसाईटला चौकोनी फोटो पाहिजे, इन्स्टाला उभा पाहिजे आणि फ्लेक्सवाल्याला आडवा पाहिजे. चौकोनात क्रॉप करायला बसलो तर चाळीस एक जोडांच्या टाचा कापल्या जायला लागल्या, काहींचे अंगठ्याकडचे टोक कडेला चिकटले, आणि प्रत्येक फोटोत चप्पल वेगळ्याच साईजची दिसायला लागली. परत शूट करावं म्हटलं तर निम्मा माल विकून गेला होता. दुकानदार काका एक शब्द वाईट बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी मास्क लावल्याशिवाय एकही कॅटलॉग शूट केलेलं नाही.

हे सगळं मला कुणी आधी नीट मराठीत सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून आता मी लिहितोय. कोल्हापुरात आता घरगुती उद्योगवाले, गुजरीतले दागिनेवाले, गूळ-मसाला पॅक करणारे सगळ्यांनाच ऑनलाईन विकायला फोटो पाहिजेत आणि नवीन पोरं-पोरी या कामात येताहेत, त्यांच्यासाठी हे.

आधी मास्क म्हणजे काय ते क्लिअर करूया

मास्क या शब्दाचा आपल्या धंद्यात गोंधळ होतो. फोटोशॉपमधला लेअर मास्क वेगळा, मास्किंग टेप वेगळी, आणि आपण बोलतोय तो ओव्हरले मास्क वेगळा. ओव्हरले मास्क म्हणजे एक पारदर्शक चित्र, त्याच्यावर रेषा, चौकटी नाहीतर काळपट पट्ट्या असतात, आणि ते शूट करताना स्क्रीनवर तुमच्या फोटोच्या वर दिसतं. फोटोत ते छापलं जात नाही, फाईलला हात लागत नाही. फक्त तुम्हाला दिसतं की बाबा शेवटी फोटो इथे इथे कापला जाणार आहे, वस्तू या चौकटीत ठेव.

ही आयडिया काही नवीन नाही. जुन्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यात काळ्या कापडाखाली डोकं घालून मागच्या दुधी काचेवर फ्रेम बघायचे, आणि चित्र उलटं दिसायचं, डोकं खाली पाय वर, तरी त्या काचेवर पेन्सिलीने रेषा मारून लोक नेमकी फ्रेम बसवायचे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःचा देशी सिनेमा कॅमेरा उभा केला त्या गावात आपण काम करतो, तेव्हा फ्रेम आधी ठरवायची आणि मग बटण दाबायचं ही शिस्त आपल्याला जमायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

काय काय लागेल

- कॅमेरा, ज्याला लाईव्ह व्ह्यू (समोरचं चित्र थेट स्क्रीनवर दिसणं) आहे असा कुठलाही. साधा एंट्री लेव्हल डीएसएलआर चालतो
- ट्रायपॉड, आणि वरून शूट करणार असाल तर आडवा आर्म आणि वजनाला वाळूची पिशवी
- लॅपटॉप आणि कॅमेऱ्याला लागणारी यूएसबी केबल (यूएसबी २ ची असेल तर ५ मीटरच्या पुढे नको, कनेक्शन तुटत राहतं)
- टेदरिंगचं सॉफ्टवेअर: कॅप्चर वन, लाइटरूम क्लासिक, किंवा फुकटातलं डिजिकॅमकंट्रोल
- मास्क काढायला फोटोशॉप, नाहीतर गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, दोन्ही फुकट आहेत
- मास्किंग टेप, मार्कर, मोजपट्टी
- लॅपटॉप नसेल तर एक ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), त्याचं पुढे सांगतो

टेदरिंग म्हणजे कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून शूट करणं, फोटो सरळ स्क्रीनवर येतो.

१. कॅमेरा बाहेर काढायच्या आधी फोटो कुठे जाणार ते विचारा

सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच आहे, आणि नवीन माणूस नेमकी हीच सोडतो. क्लायंटला विचारा, फोटो कुठे कुठे लावणार? तो म्हणेल "ऑनलाईन टाकायचेत" तर तेवढ्यावर थांबू नका, कुठे ऑनलाईन, ते विचारा. नेहमी लागणारे साईज असे:

इन्स्टाची उभी पोस्ट ४:५, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल. स्टोरी आणि रील ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२०. ॲमेझॉनला मुख्य फोटोत पूर्ण पांढरं बॅकग्राउंड लागतं, आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे आणि झूम चालायला पिक्सेल १००० च्या वर पाहिजेत, मी चौकोनीच देतो. छापायचं असेल तर प्रेसवाल्याला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड लागतं, म्हणजे कापताना जाणारी कड. फ्लेक्स असेल तर फुटांत माप घ्या आणि दुकानाचं नाव, फोन नंबर कुठे येणार ते डिझायनरकडून काढून घ्या.

हे सगळं वहीत लिहून क्लायंटला वाचून दाखवा आणि व्हॉट्सअपवर टाकून त्याचा "ओके" घ्या. नंतर "मला वाटलं आडवा पण देणार" असं झालं तर तो मेसेज कामाला येतो.

२. मास्क काढा

कॅमेऱ्याचा फोटो किती पिक्सेलचा येतो ते बघा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर साधारण ६००० बाय ४००० येतो, ३:२ चा रेशो, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण. मास्कची फाईल बरोबर त्याच मापाची उघडायची, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट. मापं जुळली की मास्क सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर ओढाओढी करावी लागत नाही, सरळ बसतो.

आता एकाच फोटोतून तीन साईज काढायच्यात असं धरू, चौकोन, ४:५ आणि ९:१६. कॅमेरा उभा धरला तर फ्रेम झाली ४००० बाय ६०००. त्यात:

चौकोन येतो ४००० बाय ४०००.
४:५ येतो ४००० बाय ५०००.
९:१६ येतो ३३७५ बाय ६०००.

तिन्ही फ्रेमच्या मधोमध काढा आणि प्रत्येकाला वेगळा रंग द्या. मग बघा, तिन्हींत कॉमन असलेली जागा किती उरते? रुंदी ३३७५, उंची ४०००. हाच तुमचा सुरक्षित डबा, वस्तू याच्या बाहेर गेली नाही तर तिन्ही साईज निघतात. आणि चौकोनात ८५ टक्के भरायचं तर ४००० चे ८५ टक्के म्हणजे ३४००, तेव्हा डब्याच्या आत वर ३०० आणि खाली ३०० सोडून दोन आडव्या रेषा मारा. चपलेचा जोड उभा ठेवला की लांबी या दोन रेषांच्या मधे बरोबर भरते आणि रुंदी आपोआप डब्यात राहते. हे गणित मला समजलं त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

चौकटीच्या बाहेरच्या भागावर काळा रंग साधारण ६० टक्के ओपॅसिटीने भरा, म्हणजे खालचं थोडं आरपार दिसेल असा. पूर्ण काळा करू नका, कारण बाहेर सॉफ्टबॉक्सची (लाईटवरच्या कापडी पेटीची) कड आत येतीय का, रिफ्लेक्टर दिसतोय का हे पण दिसलं पाहिजे.

रेषांबद्दल दोन गोष्टी. एक, १ पिक्सेलची रेषा काढू नका, ६००० पिक्सेलची फाईल लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर बारीक होऊन दिसते आणि रेषा गायब होते, १२ ते १५ पिक्सेल ठेवा. दुसरी, रंग वस्तूच्या उलटा घ्या. चपलेचं चामडं तपकिरी, त्याच्यावर लाल रेषा दिसत नाही, तिथे आकाशी घ्या. सोन्याचा दागिना लाल मखमलीवर असेल तर निळी किंवा पांढरी. पांढऱ्या बॅकग्राउंडवर अर्थातच पांढरी नको.

सेव्ह करताना पीएनजी. जेपीजीत पारदर्शकपणा राहत नाही, मोकळी जागा पांढरी होऊन अख्खा फोटो झाकला जातो. आणि डिझायनर तुम्हाला लेआउट पाठवणार असेल तर त्याला सांगा की व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअप त्याचं जेपीजी करतं. यात माझा एकदा अर्धा तास गेलाय, मॉडेल मेकअप करून बसलेली आणि मी स्क्रीनवर पांढरा पडदा बघत बसलेलो.

३. सॉफ्टवेअरमध्ये मास्क चढवा

लाइटरूम क्लासिक: एक फोटो मोठा करून उघडा, मग व्ह्यू मेनूत लूप ओव्हरले, त्यात चूज लेआउट इमेज, आणि आपली पीएनजी निवडा. कंट्रोल बटण दाबून धरलं (मॅकवर कमांड) की मास्क सरकवता येतो, कोपरा धरून लहानमोठा करता येतो आणि खाली ओपॅसिटी कमीजास्त करायचं पण येतं. ही सोय लाइटरूम ५ पासून म्हणजे २०१३ पासून आहे, त्यामुळे जुनं व्हर्जन असलं तरी चालेल.

कॅप्चर वन: त्यात ओव्हरले नावाचं टूलच आहे. फाईल त्यात टाका, ओपॅसिटी, स्केल आणि आडवं-उभं सरकवायचे स्लायडर मिळतात. लाईव्ह व्ह्यूमध्ये पण मास्क दिसतो, म्हणजे फोटो काढायच्या आधीच वस्तू हलवून बसवता येते. प्रॉडक्टच्या कामाला मला हेच सगळ्यात सोयीचं वाटतं, पण पैसे लागतात.

डिजिकॅमकंट्रोल: विंडोजवर चालतं, फुकट आहे, निकॉन आणि कॅननचे बरेच डीएसएलआर घेतं. लाईव्ह व्ह्यूच्या खिडकीत ओव्हरलेचा भाग आहे. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं माझं मत, आधी सवय लागू दे, काम वाढलं की मग पैसे घाला.

लॅपटॉप नसेल तर काय? ओएचपी शीटचा तुकडा कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनच्या मापाचा कापा. लाईव्ह व्ह्यू चालू करा, समोर भिंतीवर मोजपट्टीने काढलेला चौकोन ठेवा, आणि स्क्रीनवर तो जिथे दिसतो तिथे बारीक परमनंट मार्करने शीटवर रेषा मारा. मग शीट कडेला टेपने चिकटवा. डायरेक्ट स्क्रीनवर मार्कर चालवू नका. मी पहिले सहा महिने असंच काम केलंय आणि फोटो अजिबात वाईट आलेले नाहीत. फक्त डोळा सरळ समोर ठेवून बघायचं, तिरकं बघितलं की रेषा सरकल्यासारखी दिसते.

एक गोष्ट, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघून मास्कशी जुळवू नका. स्वस्तातल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला खऱ्या फ्रेमचा ९५ टक्केच भाग दिसतो, कडेचा भाग फोटोत येतो पण डोळ्याला दिसत नाही. फ्रेमिंग कायम लाईव्ह व्ह्यूवर.

४. कॅमेरा पक्का करा, मग त्याला विसरा

मास्कचा फायदा तेव्हाच जेव्हा कॅमेरा हलत नाही. हातात कॅमेरा धरून मास्क लावणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर टेप मारा. सेंटर कॉलमची (ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याची) उंची मार्करने खूण करून ठेवा. टेबलाच्या पायांना पण टेप, कारण मदतीला आलेला पोरगा येता-जाता टेबलाला धक्का मारतोच. केबल टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन बांधा म्हणजे पाय अडकला तरी ओढ कॅमेऱ्याच्या पोर्टवर येत नाही, पोर्ट तुटला की दुरुस्तीला कॅमेरा बाहेर जातो आणि आठवडाभर धंदा बंद.

झूम लेन्स असेल आणि कॅमेरा खाली तोंड करून लावला असेल तर लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकते. लक्षात येत नाही, पण तासाभराने बघितलं तर वस्तू मास्कच्या बाहेर. झूमच्या रिंगवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, प्रश्न मिटला.

आणि हे फार कमी लोक सांगतात: कॅमेरा सरळ खाली तोंड करून लावला की आतला दिशा ओळखणारा सेन्सर गोंधळतो, त्याला कळत नाही की आपण आडवे आहोत का उभे. मग काही फोटो आडवे येतात, काही उभे, आणि मास्क निम्म्या फोटोंवर तिरपाच बसतो. कॅमेऱ्याच्या मेनूत ऑटो रोटेट बंद करा. त्याच मेनूत आस्पेक्ट रेशो पण बघून घ्या, कुणीतरी १:१ किंवा १६:९ करून ठेवलेला असेल तर ३:२ वर आणा.

५. एक जोड बसवा आणि त्याला नमुना करा

आता खरं काम. चपलेचंच उदाहरण घेतो कारण तेच मी सगळ्यात जास्त केलंय.

पहिला जोड घ्या, शक्यतो मधल्या साईजचा, जेन्ट्समध्ये ८ नंबर घेतो मी. वरून खाली तोंड केलेल्या कॅमेऱ्याखाली टेबलावर ठेवा, स्क्रीनवर बघा. टाचा खालच्या आडव्या रेषेला टेकवा, दोन्ही टाचा, एक वर एक खाली नको. मग अंगठ्याकडची टोकं वरच्या रेषेला आली पाहिजेत, नसतील तर चप्पल हलवू नका, कॅमेरा वर-खाली करा. हे फक्त या पहिल्या जोडाला, त्यानंतर कॅमेऱ्याला हात नाही. मधली उभी रेषा दोन्ही चपलांच्या बरोबर मधल्या फटीतून गेली पाहिजे. कोल्हापुरीला बाजूला कान असतात, ते दोन्हीकडे सारखे बाहेर दिसले पाहिजेत, एक कान दुमडलेला असेल तर फोटोत लगेच डोळ्यात येतो. वेणीच्या पट्ट्याची उंची दोन्ही चपलांत एका लेव्हलला आहे का त्यासाठी मी मास्कवर एक बारीक तुटक रेषा मारून ठेवलीय. हाताने केलेली चप्पल असल्यामुळे दोन्ही अगदी तंतोतंत नसतात, दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे असतंच, ते कारागिराच्या हाताचं असतं, ते लपवायला जाऊ नका. तुमची मांडणी सरळ पाहिजे एवढंच.

फोटो काढा. मग मास्क बंद करून बघा, परत चालू करून बघा. चौकोनात, उभ्यात आणि स्टोरीत क्रॉप करून खरोखर एक्सपोर्ट करा, मोबाईलवर घ्या, क्लायंटला दाखवा. ही दहा मिनिटं सोडू नका. इथे चूक सापडली तर एक फोटो परत काढायचा, नाहीतर १४० परत काढायचे.

मग टेबलावर टाचांच्या मागे बॅकग्राउंडच्या रंगाची छोटी पट्टी चिकटवा, पुढचा जोड त्या पट्टीला टेकवायचा की झालं. स्क्रीनकडे नुसती नजर टाकायची. वेग इतका वाढतो की बघून आश्चर्य वाटतं.

आता लेडीज चप्पल लहान, तिचं काय? कॅमेरा जवळ घ्यायचा का? मी नाही घेत. टाच त्याच रेषेला ठेवतो, वर थोडी जागा जास्त राहते, आणि लेडीजचा सगळा गठ्ठा एकाच टक्क्याने एक्सपोर्टला क्रॉप करतो. यामुळे एका गठ्ठ्यातल्या सगळ्या चपला एकाच साईजच्या, एकाच जागेवर दिसतात आणि वेबसाईटवर ओळीने लागल्या की दुकानातल्या फळीवर मांडल्यासारख्या दिसतात. काही जण प्रत्येक जोडाला कॅमेरा ॲडजस्ट करतात, मला ते पटत नाही, ओळ वाकडीतिकडी दिसते.

६. दागिन्याला वेगळा मास्क

साज किंवा ठुशी असेल तर चौकट पुरत नाही. साज गळ्याच्या डमीवर घातला की त्याची कमान तयार होते, आणि पारंपरिक साजात २१ पानड्या असतात, त्या दोन्ही बाजूंना सारख्या उतरल्या पाहिजेत. म्हणून मास्कवर एक उभी मधली रेषा आणि लंबगोलाचा खालचा अर्धा भाग काढायचा, यू सारखा. मधलं पदक उभ्या रेषेवर, बाकीच्या पानड्या कमानीवर.

डोळ्याने बघताना साज सरळच वाटतो, मास्क लावला की कळतं डावीकडे एक पानडी खाली आलीय. मग चिमट्याने हलकं सरकवायचं. डमीच्या मागे दोरा ओढून पिन लावली की बसतो. हे काम सावकाशीचं आहे, गुजरीत एका दुकानात मी एका साजाला चाळीस मिनिटं घालवलीत, पण तो फोटो त्यांनी मोठा करून काउंटरमागे लावलाय.

जवळून शूट करताना एक लफडं होतं: फोकस बदलला की फ्रेम किंचित लहानमोठी होते, बऱ्याच लेन्सला हा प्रकार असतो. म्हणून आधी फोकस लावा, मॅन्युअलवर टाका आणि मगच मास्कशी जुळवा. उलट क्रमाने केलं तर परत परत जुळवत बसाल.

७. माणसांचे फोटो: आयकार्ड, व्हिसा, फेटा

पासपोर्ट साईज ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. अमेरिकेच्या व्हिसाला चौकोन लागतो, ५१ बाय ५१ मिलिमीटर, डिजिटल अपलोडला ६०० ते १२०० पिक्सेल, आणि हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतची उंची फोटोच्या ५० ते ६९ टक्के, डोळे खालून ५६ ते ६९ टक्क्यांच्या पट्ट्यात. हे आकडे पाठ करून कुणी फ्रेम बसवू शकत नाही, पण मास्कवर दोन आडव्या रेषा डोक्यासाठी आणि एक रंगीत पट्टा डोळ्यांसाठी काढून ठेवला की झालं, माणूस बसला, पट्ट्यात डोळे आले, क्लिक. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्या त्या अधिकृत वेबसाईटवर एकदा बघून मास्क दुरुस्त करत जा.

इथे चप्पलवाला नियमच लागू: कॅमेरा हलवू नका, स्टूल वर-खाली करा. एका शाळेत पहिली ते दहावी आयकार्डचे फोटो होते, सहा वर्षांचं पोरगं आणि सोळा वर्षांचा पोरगा एकाच रांगेत. फिरवून उंची बदलणारं स्टूल नेलं, जमिनीवर टेपने स्टुलाची जागा आखली, आणि एक बाई फक्त स्टूल फिरवायला उभ्या होत्या, मी नुसता डोळ्यांचा पट्टा बघत क्लिक करत होतो. सगळ्या कार्डांवर चेहरे एका साईजचे आले. कॅमेरा जास्त जवळ मात्र नेऊ नका, नाक मोठं दिसतं, दीड मीटरच्या आसपास अंतर ठेवा आणि झूम करा.

लग्नाच्या पोर्ट्रेटला फेटा असेल तर साधा चेहऱ्याचा मास्क चालत नाही. फेट्याची उंची आणि वरचा तुरा धरून वेगळा मास्क करा. मी फेट्याचा मास्क वेगळाच ठेवलाय, वरची रेषा तुऱ्याच्या टोकाच्या वर एक बोट. ४:५ मध्ये तुरा कापला गेला तर नवऱ्या मुलाच्या घरचे नाराज होतात आणि त्यांचं बरोबर आहे, तो तुरा त्यांनी हौसेने लावलेला असतो.

८. आधीच्या फोटोचाच मास्क

डिजिकॅमकंट्रोलमध्ये शेवटचा काढलेला फोटोच अर्धपारदर्शक करून ओव्हरले म्हणून लावायची सोय आहे, बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फोटो पीएनजी करून लावता येतो. दिवाळीला फराळाच्या बॉक्सचे फोटो काढले आणि गुढीपाडव्याला त्याच क्लायंटला नवीन बॉक्सचे तसेच पाहिजेत तर याच्यासारखी दुसरी सोय नाही. जुना फोटो भुतासारखा स्क्रीनवर दिसतो, त्याच्यावर नवीन बॉक्स बसवायचा, सावलीपण जुळते का ते दिसतं. ओपॅसिटी ३०-४० टक्के पुरे, जास्त ठेवली तर जुनी कड कुठली आणि नवी कुठली तेच कळत नाही.

९. एक्सपोर्ट करताना फसू नका

लाइटरूममध्ये लेन्स करेक्शन (लेन्समुळे आलेला वाकडेपणा सरळ करणं) चालू असेल तर फोटोच्या कडा थोड्या सरकतात. लाईव्ह व्ह्यूवर वस्तू रेषेला टेकलेली, एक्सपोर्टमध्ये बघितलं तर आत किंवा बाहेर. म्हणून टेस्ट फोटोलाच करेक्शन लावून मास्क जुळवा, आणि मास्कच्या आत चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा.

मास्क एक्सपोर्टमध्ये येत नाही हे वर सांगितलंच, पण याचाच दुसरा अर्थ क्रॉप पण आपोआप होत नाही. एका फोटोला क्रॉप करा, मग तोच क्रॉप सगळ्यांना सिंक करा, म्हणजे एकदम लावा. कॅमेरा हलला नसेल तर ५ मिनिटांत १४० फोटो क्रॉप होतात. हलला असेल तर इथेच कळतं, आणि साधारण कितव्या फोटोपासून हलला ते पण कळतं.

मूळ फाईल रॉ मध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाईल) ठेवा, न कापता. सहा महिन्यांनी क्लायंट म्हणतो त्याच फोटोचं आडवं बॅनर पाहिजे, तेव्हा बाजूची जागा शिल्लक असते.

१०. सेट मोडायच्या आधी

मास्कच्या फाईलला नाव असं द्या की वर्षाने पण कळेल. माझ्याकडे "चप्पल-उभा-तीनसाईज-२४एमपी" असं आहे, नुसतं "मास्क फायनल २" असं ठेवलं तर सापडत नाही. त्याच फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल: लेन्स कुठली, किती एमएम, टेबलापासून कॅमेऱ्याचं अंतर सेंटीमीटरमध्ये, लाईट कुठल्या बाजूला किती पॉवरवर.

मग मोबाईलवर जमिनीवरच्या टेपच्या खुणांचा, ट्रायपॉडच्या उंचीचा आणि अख्ख्या सेटचा फोटो काढा, वरून एक आणि बाजूने एक. एक शेवटचा टेस्ट फोटो मास्क चालू ठेवून स्क्रीनशॉट म्हणून सेव्ह करा. शेवटचा जोड पहिल्या जोडाच्या फोटोवर टाकून बघा, टाचांची रेषा अजून तिथेच आहे का. असेल तर टेप काढा, केबल सोडा आणि चपला एकेक करून परत डब्यात भरा, जोड चुकू देऊ नका.